जावेचा मंगळवार

माघ होता, आणि माघातलं धुकं होतं. दुधाळ, दाट, मंथर, खाडीच्या कुशीतून उठून आंब्यांच्या शेंड्यांपर्यंत चढत गेलेलं. धुक्यात मोहोर भिजत होता आणि भिजता भिजता दरवळत होता. पोफळीच्या बागेतल्या कृश, उंच, एकाकी झाडांचे नुसते माथे दिसत होते. जणू कुणी त्यांना आभाळातून खाली सोडलं होतं आणि जमिनीला टेकवायचं विसरून गेलं होतं.

पूर्वेचा उजेड अजून उजेड झाला नव्हता. एक पांढुरका संशय तेवढा होता. त्या संशयात चिऱ्यांचं तांबडं घर उभं होतं, घराला एक खिडकी होती, आणि खिडकीशी हेमांगी जागी होती.

ती नेहमीच जागी असायची.

तिच्या मांडीशी जुई झोपली होती. मोहोरागत नाजूक, दवागत ओलसर, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा सुकलेला थेंब असलेली. हेमांगीचा तळहात लेकीच्या कपाळावर होता. कपाळावरून गळ्यावर, गळ्यावरून पोटावर, पोटावरून पुन्हा कपाळावर. ऊब मोजणारा, ऊब तोलणारा, उबेवर विश्वास न ठेवणारा तळहात.

आश्विनातल्या एका लख्ख दुपारी जुईला ताप चढला होता, आणि तापात आकडी आली होती. डोळे फिरले, मुठी वळल्या, ओठांवर जांभळी सावली उतरली. पळभराचं युग. मग पोर रडली, आणि त्या रडण्याइतकं मधुर काही हेमांगीनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं, धीर दिला. म्हणाले, काही मुलांना लहानपणी तापात अशी आकडी येते, मोठी होतात तशी ती जाते, घाबरू नका.

"पुन्हा येईल का हो?" हेमांगीनं विचारलं होतं.

"येईल किंवा येणार नाही," डॉक्टर खरं ते बोलले होते.

त्या 'किंवा'वर हेमांगी तेव्हापासून उभी होती. एका पायावर, अरुंद धारेवर, दोन्ही बाजूंना दरी. वनस्पतिशास्त्र शिकलेली, कोल्हापूरच्या कॉलेजात पदकं मिळवलेली, पानाच्या शिरेवरून झाडाचं कूळ सांगणारी हेमांगी. तिला 'येईल' चाललं असतं, 'येणार नाही' तर हवंच होतं. पण मधल्या त्या शब्दावर झोपायचं कसं, हे तिला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं.

आणि भिंतीपलीकडे शेवंती झोपली होती.

शेवंती, थोरली जाऊ. सावळी, रुंद कपाळाची, हसली की खांद्यांपासून हलणारी. तिचा श्वास भिंतीतून ऐकू यायचा. संथ, सखोल, भरतीच्या पाण्यासारखा भरवशाचा. हेमांगी तो ऐकायची, आणि तिच्या आत काहीतरी हिरवं, कडू, काटेरी उमलायचं.

कारण शेवंतीचा एकुलता मुलगा गेलेला होता. लहानपणीच. असाच तापानं. हेमांगी सून होऊन या घरात आली त्याच्या पुष्कळ आधी. लग्न झाल्यावर, शहरातल्या नोकरीवर परतण्याआधी, नवऱ्यानं तिला एकदाच, हलक्या आवाजात सांगितलं होतं, "वहिनीसमोर तो विषय काढू नकोस हं." तिनं काढला नाही. कुणीच काढत नव्हतं. भिंतीवर त्याचा फोटो नव्हता, बोलण्यात त्याचं नाव नव्हतं. चुकून कधी संदर्भ आलाच तर मोठे दीर 'तेव्हा' एवढंच म्हणत, आणि त्या 'तेव्हा'च्या भोवती सगळं घर पाय न वाजवता चालायचं.

ज्या बाईचं सगळं गेलं ती झोपत होती. जिचं सगळं मांडीशी होतं ती जागी होती.

हा कुठला न्याय?

हेमांगीला जावेच्या पाटल्यांचा मत्सर नव्हता, तिच्या हातच्या आंबोळ्यांचाही नव्हता. तिला तिच्या झोपेचा मत्सर होता. तिच्या भुकेचा, तिच्या घासाघासागणिक मिटणाऱ्या डोळ्यांचा, धुणं वाळत घालताना ती जे बेसूर, निर्धास्त गुणगुणायची त्या गुणगुणण्याचा. एकदा तर, विहिरीवर, भरून आलेल्या घागरीकडे बघताना तिच्या मनात आलं: हिला काय, हिचं जे व्हायचं ते होऊन गेलंय. आणि तो विचार मनात येताच ती इतकी दचकली की घागर तिच्या हातून निसटून पुन्हा पाण्यात गेली. पाण्यात तिचा चेहरा फुटला. तो पुन्हा जुळेपर्यंत तिनं खाली पाहिलं नाही.

शिवाय जुई. जुई रडायला लागली की हेमांगीच्या खांद्यावर अधिकच रडायची. आईच्या छातीतली धडधड तिच्या कानाशी ढोल वाजवायची. शेवंती ओले हात पदराला पुसत यायची, पोरीला उचलायची, आणि पोर दोन हुंदक्यांत पेंगायची. वाऱ्यानं दिवा नव्हे, दिव्यानंच वारा विझवावा तशी.

"वहिनी, तुम्हाला झोप कशी हो लागते?" हेमांगीनं एकदा न राहवून विचारलं.

"डोळे मिटले काय लागता," शेवंती म्हणाली. "तू मिटशीत तर मगे लागात! रातभर घुबडावरी बसतंस. त्या पोराक वाटत आसात, आवस माझी भूत बघता काय काय."

आणि ती हसली. खांद्यांपासून. हेमांगीही हसली; ओठांपासून, ओठांपुरती.

मग हेमांगी बघू लागली. बघणं हे तिचं शास्त्र होतं आणि तिचा शापही. तिनं पाहिलं की ही बाई दर मंगळवारी उपास करते. नाहून, ओल्या केसांचा अंबाडा घालून, परडीत पिटकुळीची तांबडी फुलं घेऊन सातेरीच्या देवळात जाते. जाताना तिचा चेहरा बंद असतो, तिन्हीसांजेच्या कमळासारखा. परतताना तो उघडलेला असतो. आत काहीतरी ठेवून ती येते, किंवा आतून काहीतरी घेऊन. म्हणजे झोप तिथं होती. म्हणजे देवळात, त्या काळ्या पाषाणाच्या पायाशी, शांतीचं कुठलंतरी गुपित रांजण भरून ठेवलेलं होतं, आणि जाऊ एकटीच त्यातून ओंजळ भरत होती.

हेमांगीला हवी होती ती ओंजळ.

माणसं देवाकडे जातात. कुणी भयानं, कुणी भक्तीनं, कुणी सवयीनं. हेमांगी मत्सरानं गेली. एखादीनं शेजारणीच्या आमटीची चव चोरून आपल्या चुलीवर आणायचा प्रयत्न करावा तशी ती जावेचा देव आपल्या मंगळवारी आणू लागली. तीच फुलं, तशीच परडी, तसाच ओला अंबाडा. उंबऱ्याला हात लावून तो हात कपाळाला, मग गळ्याला. शेवंती लावायची तसाच, त्याच क्रमानं. मात्र ती जायची शेवंती घरी परतल्यावर, देऊळ रिकामं झाल्यावर. जावेनं पाहिलं तर? ज्याची लाज वाटावी त्याच्याच घरात शिरलेल्या चोरासारखी ती गाभाऱ्याशी उभी राहायची.

पाषाण शांत असायचा. फुलं ताजी असायची. समईची ज्योत स्थिर, सोनेरी, सुरेख असायची. आणि हेमांगीच्या आत सगळं तसंच. तीच धडधड, तोच 'किंवा'.

ती उपास करू लागल्याचं शेवंतीच्या ध्यानात आल्याशिवाय कसं राहील? एका मंगळवारी वरीचा तांदूळ ताटात वाढताना तिनं डोळे बारीक करून धाकट्या जावेकडे पाहिलं.

"काय गो, माझो मंगळवारय घेतलंस?"

हेमांगी कानांपर्यंत तांबडी झाली. "तसं नाही वहिनी…"

"घे गो घे. वार काय माझ्या बापाशीचो? पण मगे बुधवार तरी माका सोड. बुधवारी माशे खावचे आसतत."

मोठे दीर ताटात बघून हसले. हेमांगीला वाटलं, तो मंगळवार आपण खरंच हिच्या परडीतून उचलला आणि आता तो हातात धरून उभ्या आहोत. जड, कोरा, निरुत्तर.

त्या माघाच्या धुकाळ पहाटे तळहाताला जुईचं कपाळ ऊन लागलं.

किंचित ऊन. सायीखालच्या दुधाइतकं ऊन. सर्दी होती, नाक वाहत होतं, डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं औषध हेमांगीनं पाजलं. पण तिच्या आतलं सगळं आश्विन झालं. धुकं विरलं, ऊन खाली उतरलं, पोफळींना मुळं फुटली, जग जागच्या जागी आलं. ती आली नाही. शेवंती फुलांची परडी घेऊन निघाली तेव्हा हेमांगी जुईला छातीशी धरून दारात आली.

"वहिनी, मी येते. मला कौल लावायचाय."

शेवंती थबकली. तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला, मग आईच्या कपाळाला. "हिच्यापरास तूच जास्त तापलंस," ती म्हणाली, आणि जुईला आपल्या कडेवर घेऊन चालू लागली.

सातेरीचं देऊळ उतारावर होतं, सुरंगीच्या झाडांच्या गर्द, गंधगर्भ सावलीत. आत काळोख होता, गार, ओला, पुरातन. देवी काळी होती आणि काळोखाहून काळी होती. तिच्या डोळ्यांतली चांदी तेवढी जागी. हेमांगीला माहीत होतं काय होणार ते. गुरव पिटकुळीच्या कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे चिकटवणार. प्रश्न विचारणार. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तिला हेही माहीत होतं की ओल सुकते, कळी सुटते, पृथ्वी ओढते. उजवं काय आणि डावं काय, वाऱ्याच्या झुळकेची मर्जी. तिचं ज्ञान तिच्याबरोबर देवळापर्यंत आलं होतं. उंबऱ्याशी ते चपलांजवळ बसून राहिलं.

बाबी गुरवानं आधी गाऱ्हाणं घातलं. तो किडकिडीत, पान खाऊन ओठ रंगवलेला माणूस. पण आवाज त्याचा असा की छपराची कौलं ऐकायला खाली वाकावीत. खांबांशी टेकलेली वाडीतली म्हातारी माणसं सावरून बसली.

"बाय सातेरी, वारुळाच्या आये, ह्या वाडीच्या राखणदारणी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप म्हणाला.

"ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत. आडयेळीक, कडयेळीक, पाण्यात, रानात, तापात, थंडीत, त्यांचो हात सोडू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराची लेकरां, तुझी जुई, तुझो दिगू, जी आवशीच्या पदराखाली आसत ती, नि जी तुझ्या कुशीत परत इली ती, सगळी सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे तिसरं 'व्हय' शेवंतीचं होतं. हेमांगीनं तो आवाज घरात कधी ऐकला नव्हता. स्वयंपाकघरातला नव्हे, विहिरीवरचा नव्हे. तो पोराच्या हाकेला ओ देणाऱ्या बाईचा आवाज होता. कोवळा, उतावळा, दुधानं भरून आलेला.

"दिगू कोण, वहिनी?" हेमांगीनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

"माझो," शेवंती म्हणाली.

गुरव कळ्या भिजवत होता. पितळी तांब्यात पाणी वाजत होतं. एक कळी उजव्या खांद्यावर, एक डाव्या. काळ्या पाषाणावर दोन तांबडे, टवटवीत, ओलेते ठिपके. "बाळीक तो आजार परत नसात तर उजवो दी गो आये," असं म्हणून तो मागे सरला, आणि सगळे वाट बघत बसले.

कळ्या हलत नव्हत्या.

जुई शेवंतीच्या खांद्यावर पेंगली. हेमांगीची नजर उजव्या कळीवर खिळलेली, जणू नजरेनंच ती खाली ओढावी. शेवंतीनं तिच्याकडे पाहिलं, मग देवीकडे पाहिलं, आणि धान्य पाखडता पाखडता बोलावं तितक्या सहज बोलली.

"दिगूच्या येळाकय लावलो हुतो कौल. उजवो दिल्यान हुतो गो. सरळ उजवो."

"मग?"

"मगे काय? गेलो."

सुरंगीच्या झाडावर कुठलासा पक्षी एकच सूर पुन्हा पुन्हा काढत होता. इतके दिवस साठवलेला मत्सर, त्याची साल आता निघत होती आणि आत काय आहे ते तिला बघायचं नव्हतं.

"आणि तरी तुम्ही येता? दर मंगळवारी? हिच्याकडे?"

"घरात त्याचा नाव कोण काढणा नाय," शेवंती म्हणाली. "तुम्ही मायेची माणसां. माका दुखात म्हणान गप ऱ्हवतास. घोवय माझो गप ऱ्हवता. हय बाबी दर मंगळवारी त्याका हाक मारता. ती आयकाक येतंय मी. दुसरा काय नाय."

"देवीचा राग नाही येत?"

"येता तर! रोज भांडतंय. घरातल्यांवर रागावलंय तर ती जेवची नायत. ही दगडाची. हिच्यावर कितीय रागाव, ही निवेद चुकवणा नाय."

आणि ती हसली. पण या वेळी खांदे हलले नाहीत.

हेमांगी बसल्या जागी लहान झाली. ज्या रांजणासाठी ती चोरपावलांनी येत होती त्यात शांती नव्हती. तिथं एक नाव होतं. सात अक्षरी मंत्र नाही, सिद्धी नाही, झोपेची मुळी नाही; एका पोराचं घरगुती, धूळभरलं, खेळून आलेलं नाव. आणि ती रिकाम्या देवळात येऊन नेमकं तेच चुकवत होती. आपण हिचा उपास घेतला, हिची फुलं घेतली, हिचा अंबाडासुद्धा घेतला. हिचं दुःख काय जेवतं, ते विचारलं नाही.

टप्.

इतका लहान आवाज. "उजवो!" बाबी गुरव ओरडला. "घे गो सूनबाय, उजवो दिल्यान! झाला तुझा काम!"

उजवी कळी देवीच्या पायाशी पडली होती. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. हेमांगीला ठाऊक होतं, हाच कौल आहे तो. हाच होकार, हीच बाजू, हीच देवी. याच होकारानंतर दिगू गेला. तिच्या बुद्धीनं हे सगळं स्वच्छ, शहाण्या अक्षरांत तिच्यासमोर मांडलं. आणि तिचे गुडघे वाकले. तिचे खांदे सैलावले. डोळ्यांतून पाणी आलं ते तिला न विचारता आलं. तिला तिच्याच गुडघ्यांचा हेवा वाटला. त्यांना एवढंसं पुरलं.

घरी आल्या तेव्हा दुपार पिवळीधमक झाली होती. अंगणात सुपाऱ्या वाळत होत्या, सोनसावळ्या, सुरकुतलेल्या. मागच्या पडवीत पानं मांडली होती. जुईचं अंग अजून कोमट होतं. औषधाचा पुढचा डोस झाला होता, आणि पोर शेवंतीच्या मांडीवर आडवी होऊन तिच्या बांगड्यांशी खेळत होती. मोठे दीर पहिला घास कालवत होते.

हेमांगीनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. या घरातली सगळ्यांत नाजूक काच तिच्या पायांपुढे होती, आणि तिला तिच्यावर पाऊल ठेवायचं होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "दिगूला काय आवडायचं हो जेवायला?"

घास थांबला. बांगड्या थांबल्या. परसातल्या माडाची झावळीसुद्धा वाजायची थांबली असावी. मोठ्या दिरांनी मान वर केली नाही. त्यांच्या कानशिलावरची शीर तेवढी उडत होती. हेमांगीला वाटलं, चुकलं. घोर, अक्षम्य चुकलं.

मग शेवंतीचा आवाज आला. तोच, देवळातला.

"बोंडू," ती म्हणाली. "काजीचे बोंडू. खाय खाय खाय नि सगळो शर्ट डागवन ठेवी."

मोठ्या दिरांनी हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

"बोंडू नाय गो," मोठे दीर ताटालाच सांगत होते. "जांभळां. बोंडू तुका आवडतत, त्याच्या नावावर घालतंस."

"माका शिकवू नको! ते डाग बोंडवाचेच. किती घासलंय, गेले नायत."

"जांभळाचे."

"बोंडवाचे! पेटयेत आसा तो शर्ट. काढू? काढून दाखवू?"

"दाखव," दीर म्हणाले, आणि त्यांचा आवाज मधेच, जुन्या दोरासारखा तुटला; आणि तुटलेल्या जागी हसू आलं की दुसरं काही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "दाखव गो. बघया."

मग ते दोघं बोलत राहिले. एकमेकांना तोडत, दुरुस्त करत, भांडत. तो झाडावर कसा चढायचा, उतरताना कसा रडायचा. शाळेत न जाता खाडीवर खेकड्यांच्या बिळांत बोटं घालत कसा बसायचा. पुष्कळ दिवसांचं पाणी बांध फोडून यावं तसे शब्द येत होते. गढूळ, वेगवान, जिवंत. पानातलं अन्न गार होत होतं. जुई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती आणि मधेच, कुणीही न शिकवता, म्हणाली, "दिदू."

हेमांगी शेवंतीशेजारच्या खांबाला टेकून, बसून ऐकत होती. तिचा हात लेकीच्या कपाळावर होता. ऊब होती; किंचित, कोमट, काहीही ठरवून न सांगणारी. 'किंवा' तिथंच होता, हलला नव्हता. पण त्याच्या आजूबाजूला आता माणसं बोलत होती. एका गेलेल्या पोराचं नाव या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात, ऊन भाकरीसारखं फिरत होतं. ऐकता ऐकता तिच्या पापण्या जड झाल्या. श्वास लांबला. कपाळावरचा तो पहारेकरी तळहात हळूहळू सैलावला, घसरला, आणि पडवीच्या शेणानं सारवलेल्या गार भुईवर उताणा, उघडा, निःशस्त्र पडून राहिला.

शेवंतीनं बोलता बोलता ते पाहिलं. आवाज खाली आणला. थांबली मात्र नाही.

आणि उतारावर, सुरंगीच्या सावलीत, देऊळ दुपारचं रिकामं झालं होतं. समईत तेल उरलं नव्हतं. सकाळी वाहिलेली फुलं मलूल होत होती, देवीच्या डाव्या खांद्यावरची कळी अजून तशीच होती, तांबडी, कुणाच्याही प्रश्नाची नसलेली. चांदीच्या डोळ्यांनी सातेरी बघत होती त्या चिऱ्यांच्या घराकडे. तिच्या काळ्या, कठीण, कोरीव कानांवर वाऱ्याबरोबर एक नाव येत होतं. तिच्या गाभाऱ्यात नव्हे, दुसरीकडेच कुठेतरी, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून, हसत, भांडत, पुन्हा पुन्हा.

देवी ऐकत राहिली. मंगळवार उतरत गेला. सावल्या लांबल्या, उंबऱ्यावरून आत आल्या, आणि कुणाचीतरी वाट बघत बसलेल्या एखाद्या बाईसारख्या, तिच्या पायाशी, मुकाट, मिटून बसल्या.